बाईंचं मत

बाईंचा विषय निघाला की माझा आवाज चढतो. जर्मनीतलं आखन सोडून वोल्फ्सबुर्गला आले, गाड्यांच्या बॅटऱ्यांवर काम करायला लागले, लग्न झालं, नवीन घर लागलं, तरी अजून भांडी घासताना मी मध्येच बाईंना उत्तर देते. मोठ्यांदा, हातवारे करून. नवरा दारात येऊन विचारतो, "आज कुठला मुद्दा चाललाय?" मी सांगते. तो म्हणतो, "बरोबर आहे तुझं." मग माझं डोकं आणखी फिरतं, कारण बाई असत्या तर असं पटकन 'बरोबर आहे' म्हणून सुटल्या नसत्या.

बाई माझ्या आखनच्या घरमालकीण. पीएचडीची सगळी वर्षं मी त्यांच्या घराच्या वरच्या मजल्यावर काढली. सत्तरी ओलांडलेल्या, काटक, पाठ खुर्चीला न टेकवता बसणाऱ्या. नवऱ्याचे जुने चौकड्यांचे शर्ट बाह्या दुमडून घालायच्या, खाली जाड कॉर्डुरॉयची पँट आणि कपाळावर न चुकता टिकली. मूळच्या मिरजेच्या. लग्न होऊन ओहायोत गेल्या. नवरा टायरच्या कंपनीत इंजिनिअर होता, बाई तिथल्या सरकारी शाळेत गणित शिकवायच्या. दोघांनी अमेरिकेचं नागरिकत्व घेतलं. मुलगी तिथेच जन्मली, वाढली. ती कॉलेजला गेल्यावर कंपनीनं नवऱ्याला आखनला पाठवलं, इथे त्यांनी घर घेतलं, आणि काही वर्षांत नवरा गेला. बाई राहिल्या. राहायचं जर्मनीत, भांडायचं मराठीत आणि मत टाकायचं ओहायोत, पोस्टानं, असा त्यांचा एकटीचा संसार. ते मत कुणाला जातं हे त्या लपवत नसत. कॉन्झर्व्हेटिव्ह होत्या. कट्टर, अभ्यासू आणि असह्य.

मी खोली बघायला गेले तेव्हा म्हणाले, "काकू, खोली छान आहे."

"मी तुझ्या काकाशी लग्न केलेलं नाही. बाई म्हण. शाळेत सगळे तेच म्हणायचे."

"ओहायोत?"

"मी म्हणायला लावलं." मग खिडकीपाशी उभ्या राहून एकदम म्हणाल्या, "मला सांग, नापास झालेल्या पोराला वर ढकलावं का?"

मला वाटलं गंमत करतायत. मी सावधपणे म्हणाले, "परिस्थितीवर अवलंबून आहे."

"हे उत्तर नाही, ही पळवाट आहे."

मी तोवर बऱ्याच घरमालकांपुढे गोड हसून दमलेली होते. माझं सटकलं. म्हणाले, ढकलावं. माझ्या चुलतभावाला सातवीत बसवून ठेवलं, तो लाजेनं शाळाच सोडून गेला, आता पेट्रोलपंपावर उभा असतो. बाईंचे डोळे चमकले. त्या म्हणाल्या, त्याला शिकवलं कुणी नाही हा दोष, नापास केलं हा नाही. मी म्हणाले, शिकवणाऱ्या बाईच जर अशा असतील तर कोण शिकेल? रिकाम्या खोलीत आम्ही उभ्या उभ्या भांडलो. शेवटी त्यांनी खिशातून किल्ली काढली आणि माझ्या हातावर ठेवली.

"आधीची मुलगी सगळ्याला हो म्हणायची," त्या म्हणाल्या. "मला झोप यायची."

भाड्याबरोबर एक अट होती. बुधवारी संध्याकाळी खाली जेवायला यायचं, आणि येताना मत घेऊन यायचं. विषय त्या काढायच्या. आवाज चढवलेला चालेल, टेबलावर मूठ आपटलेली चालेल, पण ताट संपल्याशिवाय उठायचं नाही. आणि रडायचं नाही. "रडणं हा मुद्दा नाही," असं त्या म्हणायच्या, आणि वर गरम गरम पिठलं वाढायच्या. पिठल्याबरोबर मक्याच्या पिठाचा गोडसर अमेरिकन ब्रेड. तो संयोगही मला कधी पटला नाही आणि तेही मी सांगितलं होतं.

स्वयंपाकघरात त्यांचा अमेरिकन रेडिओ चालू असायचा, म्हणजे टॅबलेटवर लावलेला. त्यातले लोक त्यांच्याच पक्षाचे, पण बाई त्यांनाही सोडत नसत. इस्त्री करता करता ओरडायच्या, "मूर्खा, आकडे चुकलास! मुद्दा बरोबर आहे, तर खोटं कशाला बोलतोस?" रविवारी सकाळी कोपऱ्यावरच्या चर्चमध्ये जाऊन मागच्या बाकावर बसायच्या. ख्रिस्ती नव्हत्या. मी विचारलं तर म्हणाल्या, "देव कुणाचा का असेना. माणसं तासभर मोबाईल बंद ठेवून गप्प बसतात, आणि आपल्यापेक्षा मोठं काहीतरी आहे असं धरून चालतात. एवढं हल्ली कुठे मिळतं?"

एका हिवाळ्यात विषय निघाला अमेरिकेच्या सीमेचा. बाई म्हणाल्या, "आम्ही रांगेत उभे राहिलो. वर्षानुवर्षं. तूही इथे व्हिसासाठी, पत्ता नोंदवायच्या आनमेल्डुंगसाठी पहाटे जाऊन उभी राहिलीस ना? मग रांग मोडून घुसणाऱ्याचं कौतुक तुला कसलं?"

"कौतुक नाही. पण माणसं आहेत ती."

"रांगेतली माणसं नव्हती?"

मी म्हणाले, "आणि तिथले पोलीस तोंडाला फडकी बांधून रस्त्यावरून माणसं उचलून नेतात, ते?"

बाईंचा घास थांबला. "तोंड झाकणारा पोलीस मला आवडत नाही," त्या सावकाश म्हणाल्या. "कायदा राबवणाऱ्यानं तोंड दाखवावं. पण..."

त्या 'पण'नं मी पेटायचे. बाई नव्वद टक्के माणसासारखं बोलायच्या आणि मग 'पण' यायचा. त्या 'पण'च्या पलीकडे त्यांचं सगळं उभं असायचं, रांग, कायदा, दिलेला शब्द, स्वतःचं स्वतः निस्तरणं. त्याला धक्का लावायला गेलं की हात ठेचायचा.

चार जुलैला, अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनी, त्या बागेत तिथला झेंडा लावायच्या. एका दिवसापुरता. सूर्य मावळायच्या आत उतरवायचा आणि त्रिकोणी घडी घालायची, ती एकट्या माणसाला जमत नाही. म्हणून दुसरं टोक धरायला मी. मी दातओठ खात धरायचे आणि बाई सूचना करायच्या, "ताण. जमिनीला लागू देऊ नकोस. तुला पटत नसेल तरी हात स्वच्छ हवेत."

अशाच एका संध्याकाळी शेजारचे आजोबा कुंपणापाशी आले. निवृत्त गृहस्थ, सायकलवर फिरणारे, घरच्या टोमॅटोवर फार प्रेम. हसत म्हणाले, "आल्झो, काय मग शेजारीणबाई, तुमचे अमेरिकन आता पुरते वेडे झाले की नाही?" आणि मग ते सुरूच झाले. त्या देशाला संस्कृती नाही, ते अडाणी लोक, ते लठ्ठ, त्यांना जगाचा नकाशा दाखवता येत नाही, त्यांच्या हातात बंदुका.

बाईंनी झेंड्याची घडी छातीशी धरली. जर्मन त्यांचं मिरजेच्या वळणाचं होतं, पण रागावल्या की व्याकरण अचूक व्हायचं.

"हे गाव नाझींच्या हातून कुणी सोडवलं?" त्यांनी विचारलं.

आजोबा म्हणाले, तो इतिहास झाला.

"इतिहासच विचारतेय. घराघरातून लढत आली ती पोरं. त्यातली कितीतरी ओहायोच्या शेतांवरची असतील. त्यांनाही जगाचा नकाशा येत नव्हता, आखन कुठे आहे हे त्यांना इथे आल्यावर कळलं. त्यांच्या नातवंडांना तुम्ही अडाणी म्हणता. आणि त्यांच्या भरवशावर इतकी वर्षं सैन्यावर खर्च न करता सुट्टीवर जाता. शोभतं?"

आजोबांनी माझ्याकडे बघितलं. तुम्ही तरुण, तुम्हाला तर पटेल, अशा नजरेनं. मी किंचित मान हलवली. ते "गेनाऊ", अगदी बरोबर, म्हणून समाधानानं टोमॅटोंकडे परत गेले.

आत आल्यावर बाई म्हणाल्या, "मान हलवलीस."

"मला त्यांचं थोडं पटतं."

"मग बोलायचं होतंस. त्या म्हाताऱ्याला तू माझ्याविरुद्ध हवी होतीस, तुझं मत नको होतं." आणि त्यांनी कुकर लावला.

त्या अशा का झाल्या हे मला एका बुधवारी कळलं. मी म्हणाले होते, "बाई, तुम्ही गोऱ्यांच्या देशात सावळी बाई. तुमचा पक्ष तुमच्यासारख्यांचा नाही, हे दिसत नाही तुम्हाला?"

त्यांनी चमचा खाली ठेवला. त्यांच्या शाळेत एक मुलगी होती, काळी, हुशार, आठवीतली. तिला अपूर्णांकांची बेरीज येत नव्हती. बाईंनी तिला नापास केलं आणि रोज शाळा सुटल्यावर शिकवायला सुरुवात केली. मुख्याध्यापिकेनं बोलावलं. म्हणाली, गुण बदला, आपल्या शाळेतल्या अशा मुलांच्या निकालाकडे वरच्यांचं लक्ष आहे, आणि तुमच्यासारख्या बाईनं तरी हे समजून घ्यायला हवं.

"माझ्यासारख्या म्हणजे कशा?" बाईंनी विचारलं होतं. मुख्याध्यापिका गोरी, चांगल्या मनाची, गळ्यात लाकडी मण्यांची माळ. ती गोंधळली.

"मी तिला म्हणाले," बाई मला सांगत होत्या, "या पोरीला अपूर्णांक येत नाहीत एवढं मी बघितलं. ती काळी आहे हे तुम्ही बघितलंत. तुम्ही ठरवलंत की तिला येणारच नाही, म्हणून फुकट पास करून मोकळ्या होताय. यापेक्षा मोठा अपमान मला सांगा."

गुण वरच्या वर बदलले गेले. शाळेनंतरचं शिकवणंही बंद करायला लावलं, इतर शिक्षकांवर त्याचं दडपण येतं म्हणून. बाईंनी राजीनामा दिला. तोवर त्या दुसऱ्या पक्षाला मत देत होत्या.

"ती मुलगी पुढे काय झाली?" मी विचारलं.

"पास झाली," बाई म्हणाल्या. "पास होतच गेली. काही न येता. खा, गार होतंय."

त्या रात्री वर येऊन मी चिडून उशी आपटली. कारण त्या गोष्टीत मला उत्तर सापडत नव्हतं आणि तरी बाई चूक होत्या. एका मुख्याध्यापिकेच्या माळेचा राग अख्ख्या देशावर काढतात का?

मग तो वसंत आला. माझी पीएचडी संपत आली होती आणि अमेरिकेतल्या एका प्रयोगशाळेत मला पोस्टडॉकची जागा मिळाली होती. तिथले प्राध्यापक माझ्या विषयातले मोठे. दोन वर्षं मी त्या जागेसाठी झुरले होते. एका सकाळी त्यांचा मेल आला. सरकारकडून येणारा निधी गोठवलाय, नवीन माणूस घेता येत नाही, फार वाईट वाटतं.

बुधवार नव्हता, तरी मी खाली गेले. बाई पांढऱ्या श्पार्गेलचे, म्हणजे शतावरीचे, कोंब सोलत होत्या. मी सांगितलं. त्यांनी सोलणं थांबवलं.

"वाईट झालं," त्या म्हणाल्या. "फार वाईट झालं."

तिथे थांबल्या असत्या तर मी त्यांच्या गळ्यात पडले असते.

"पण," बाई म्हणाल्या, "सरकारचा पैसा म्हणजे कुणाचा? तिथल्या ट्रक चालवणाऱ्याचा. विद्यापीठांनी इतकी वर्षं काय केलं? त्याच्या बोलण्याला हसले, त्याच्या देवाला हसले, त्याच्या पोरांना आईबापाची लाज वाटायला शिकवली. वेगळं बोलणारा कुणी आला तर आरडाओरडा करून व्याख्यान बंद पाडलं. ज्याला हसायचं त्याच्याच खिशात हात घालायचा, हे किती दिवस चालणार? तो म्हणाला, थांबा, बघू दे. त्याला तो हक्क नाही?"

"मी बॅटरीवर काम करते, बाई! मी कुणाला हसले? लिथियम कुणाच्या देवाला हसतं?"

"तू नाही हसलीस."

"मग मला का?"

"सुक्याबरोबर ओलंही जळतं," असलं काहीतरी गुळगुळीत बोलल्या असत्या तर मी निदान तिरस्कार करू शकले असते. पण बाई नुसत्या म्हणाल्या, "त्याचं उत्तर माझ्याकडे नाही."

"तुमच्या मतानं माझी नोकरी गेली."

"हो," बाई म्हणाल्या. "गेली."

मी त्यांच्या हातातलं सोलाणं हिसकावून बेसिनमध्ये फेकलं आणि वर गेले. तीन बुधवार मी जेवायला उतरले नाही. दर बुधवारी जिन्याच्या वरच्या पायरीवर झाकलेलं ताट असायचं. मी ते खायचे. रागानं खायचे.

उन्हाळ्यात त्यांची मुलगी आली. मी तिला ताई म्हणायचे. चाळिशीची, बाईंसारखीच ताठ, मराठी बोलायची पण प्रत्येक 'र' अमेरिकेतून वळसा घालून यायचा. ती फुप्फुसांच्या आजारावर संशोधन करायची, स्वतःची छोटी लॅब होती. तिचा निधी गोठवला नव्हता, रद्दच केला होता, चालू प्रयोगाच्या मधोमध. दोन बॅगा घेऊन ती आईच्या घरी आली, कारण दुसरीकडे जायला जागा नव्हती. माझ्या शेजारची खोली तिला मिळाली.

मायलेकींमध्ये राजकारण बोलायचं नाही असा जुना तह होता. फोनवर हवामान आणि बाईंचे गुडघे, बस. आता एकाच घरात राहून हवामान आणि गुडघे किती दिवस पुरणार? आम्ही दोघी संध्याकाळी वरच्या बाल्कनीत उभ्या राहून बाईंवर दात खायचो. ताई म्हणायची, "तिनं कुणाला मत दिलं ते मला माहीत आहे. पण मी विचारलेलं नाही. विचारलं की ती खरं सांगेल."

एका बुधवारी तिनं विचारलंच. मी समोर होते. वांग्याची भाजी होती.

"आई, या वेळीही त्यांनाच?"

"हो."

"माझी लॅब बंद होणार हे तुला आधी माहीत असतं तर?"

बाई घास चावत राहिल्या. मी मनातल्या मनात ओरडत होते, खोटं बोला, बाई. एकदा. एकच शब्द आहे, 'नसतं' म्हणा आणि सोडवा.

"तरी दिलं असतं," बाई म्हणाल्या. "मत काही तुझ्या एकटीसाठी नसतं."

ताईचा चेहरा पांढरा पडला. आवाज मात्र चढला नाही. "मी उंदीर मारले, आई. माझ्या हातानं. त्यांना सांभाळायला पैसे उरले नव्हते म्हणून. म्हातारे केलेले उंदीर होते ते, त्यांना तसं वाढवायला दोन वर्षं लागतात. एका दुपारी सगळे. मग मी हात धुतले आणि माझ्या विद्यार्थ्यांना सांगितलं की घरी जा."

"ते चूक झालं," बाई म्हणाल्या.

"कुणाची चूक?"

"करणाऱ्यांची."

"आणि त्यांना तिथे बसवलं कुणी?"

"मी." बाईंनी तिच्याकडे सरळ बघितलं. "मी बसवलं. म्हणून तर त्यांना चूक म्हणायचा हक्क मला आहे."

ताई उठली.

"ताट..." बाई म्हणाल्या.

ताईनं भरलं ताट उचललं, कचऱ्याच्या डब्यात उपडं केलं आणि परत आईसमोर ठेवलं. "संपलं," ती म्हणाली. दुसऱ्या दिवशी सकाळी ती कोलोनला मैत्रिणीकडे गेली.

मी बाईंना सोडलं नाही. त्या भांडी आवरत होत्या, मी त्यांच्या मागे मागे फिरत ओरडत होते. "काय बिघडलं असतं? पोटची मुलगी आहे! बेघर होऊन आलीय! खोटं बोलता येत नाही एकदा?"

"मग तिला खोटं बोलणारी आई मिळाली असती. आणखी एक गोष्ट गेली असती तिची."

"हा माज आहे तुमचा!"

"असेल," बाई म्हणाल्या, आणि भांडं विसळलं. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं की वाफ, ते मी बघायलाही थांबले नाही.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी, दुपारी घरून काम करत असताना, मला खालून बाईंचा आवाज यायला लागला. इंग्रजीत, शाळेतला आवाज. आधी वाटलं रेडिओशी भांडतायत. मग जिन्यात जाऊन ऐकलं. त्या ओहायोतल्या त्यांच्या खासदाराच्या ऑफिसात फोन करत होत्या. तिथे सकाळ झाली की इथून फोन.

"लिहून घ्या," त्या सांगत होत्या. "मी तुमच्या साहेबांना मत दिलेली बाई बोलतेय. दुसऱ्या पक्षाची नाही, तुमचीच. मी दुरुस्त करा म्हणून मत दिलं होतं. चालू वर्ग मध्येच बंद करून पोरांना रस्त्यावर काढा म्हणून नाही. ज्यांना शब्द दिला होता त्यांचं वर्ष पुरं करा, मग काय हिशोब करायचा तो करा. शब्द मोडणाऱ्याला कॉन्झर्व्हेटिव्ह कोण म्हणतं? नाही, मी थांबते. ठेवा होल्डवर."

आणि त्या थांबायच्या. फोन कानाला, पाठ ताठ, पलीकडे फुटकळ संगीत. खुर्ची शेजारी असून बसत नसत. रोज. फोन उचलणारी मुलगी त्यांना आवाजावरून ओळखायला लागली होती. याचा उपयोग शून्य झाला, हेही सांगून टाकते. कुणी काही बदललं नाही. साहेब एकदाही फोनवर आले नाहीत.

मी एकदा त्यांना पकडलं. "ताईला सांगू?"

"खबरदार."

"का? तिला बरं वाटेल."

"तिला वाटेल मी शरमले. मी शरमलेले नाही. मी चिडलेय." त्यांनी फोन टेबलावर ठेवला. "माझं मत घेऊन त्यांनी हे केलं. ते मत माझं आहे. मीच त्याचा जाब विचारणार. यात तिचा काही संबंध नाही."

मी ताईला सांगितलंच. कोलोनच्या स्टेशनवर कॉफी पीत होतो. ती हसली, फार वाईट हसली. "फोन? माझं सगळं मोडायला हातभार लावला, आणि आता गिऱ्हाइकासारखी तक्रार करतेय?"

तिनं कॉफी ढवळली.

"रोज करते?"

"रोज."

"होल्डवर ठेवतात?"

"खूप वेळ."

"बसत नाही ना ती तेव्हा? उभीच असते?"

"उभीच."

ताईनं इंग्रजीत एक शिवी दिली. आईला की ऑफिसला की मला, ते कळलं नाही. मग खिडकीबाहेर गाड्यांकडे बघत राहिली.

पुढे तिला आखनजवळच्याच एका संशोधन संस्थेत काम मिळालं. तिथे ती कुणाच्या तरी हाताखाली आहे, आणि ते तिला रोज टोचतं. आईच्या घरी ती परत राहायला गेली नाही. रविवारी चर्चमधून निघून बाई बसनं तिच्याकडे जातात. ती दार उघडते. जेवतात. भांडतात. इथे रविवारी आवाज करायला बंदी असते, म्हणून वरच्या मजल्यावरच्यांनी एकदा तक्रारही केली. माफी कुणी मागितलेली नाही आणि कुणी दिलेली नाही. ताई मला फोनवर म्हणाली, "मी तिला कधीच सोडणार नाही या गोष्टीवरून." 'सोडणार नाही' म्हणजे नेमकं काय, ते तिचं तिला माहीत.

मी शेवटची गेले ती माझी राहिलेली पुस्तकं आणायला. नोव्हेंबर होता. बाईंनी चहा केला. सगळं शांत चाललं होतं, मला सांभाळून राहायचं होतं, तासाभरात माझी गाडी होती. तरी तोंडातून निघालंच.

"पुढच्या वेळी मत द्यायची वेळ आली की काय कराल?"

"विचार करीन," बाई म्हणाल्या.

"अजून विचार?" मी कप खाली आदळला. "एवढं सगळं होऊन? ताईचं बघून? माझं बघून?"

"हो. कोण उभं आहे बघीन, काय म्हणतात ते ऐकीन, आणि मग ठरवीन. कदाचित त्यांना देणारही नाही. पण विचार करूनच. तू करत नाहीस. तुझं पुढच्या वीस वर्षांचं आजच ठरलेलं आहे, कोण उभं आहे ते न बघता."

"कारण मला माणसं दिसतात!" मी ओरडले. "तुम्हाला फक्त नियम दिसतात. तुमच्यात माणुसकीच नाही, बाई."

"नसेल," त्या म्हणाल्या.

मी पुस्तकांचं खोकं उचललं, पायानं दार ओढलं आणि धाडकन आपटून बाहेर पडले. संतापानं मला समोरचं दिसत नव्हतं. फाटकापाशी पोचते तोच मागे खिडकी उघडल्याचा आवाज आला.

"अगं ए!" बाई हाक मारत होत्या. "दार लागलं नाही. आपटायचं तर नीट आपट, थंडी आत येतेय!"

मी खोकं ओल्या गवतावर ठेवलं आणि परत गेले. दार बोटभर उघडं होतं. फटीतून दिसत होतं, बाई पॅसेजमध्ये येऊन उभ्या होत्या, चौकड्यांच्या शर्टाचे हात छातीवर घट्ट बांधून. मी दोन्ही हातांनी मूठ धरली आणि दार असं ओढलं की वरची काच थरथरली आणि शेजारच्या आजोबांनी टोमॅटोच्या रिकाम्या वाफ्यातून मान वर काढली.

आतून आवाज आला, "हां. आता लागलं."